कर्नल कधी बसवला?

१

दर बुधवारी दुपारी सव्वातीनला वहिनी सर्व्हरच्या खोलीच्या काचेवर दोनदा टिचकी मारायची, आणि बाहेरच्या हॉलमधल्या चौदा टेबलांवरच्या चौदाजणी हेडफोन कानावरून मानेवर सरकवायच्या. मग कुणीतरी हमखास म्हणायचंच, "काय वहिनी, आज कर्नलसाहेबांची बदली वाटतं!"

रुग्णवाहिका बोलावायचं ते केंद्र. गावात कुणाच्या छातीत कळ आली, कुणी जिन्यावरून पडलं, की फोन तिथे तिसऱ्या मजल्यावर खणखणायचा. टेबलावरची बाई पत्ता लिहून घेणार, जवळची गाडी कोणती ते पडद्यावर बघणार आणि गाडी सोडणार. हा सगळा पसारा एका सर्व्हरच्या जिवावर चालायचा, आणि त्या सर्व्हरचा जीव वहिनीच्या हातात होता. तिचा नवरा सात नंबरची गाडी चालवायचा, सगळ्या ड्रायव्हरांत वडीलधारा. त्यामुळे ती अख्ख्या केंद्राची वहिनी झाली होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं.

आठवडाभर चालून सर्व्हरची मेमरी तुंबायची, मग तो बंद करून पुन्हा चालू करणं आलं. सरळ मार्गाने केलं तर अकरा मिनिटं. यंत्र उठताना आधी स्वतःला चाचपतं: मेमरी सगळी आहे ना, डिस्क जागेवर आहेत ना, पंखे फिरतायत ना. इथे अकरा मिनिटं फोन बंद म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ. म्हणून दीड वर्षापूर्वी जवळची वाट काढली होती. यंत्राचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामच्या ताब्यात असतो तो कर्नल. त्याची ताजी प्रत मेमरीच्या एका कोपऱ्यात आणून बसवायची. इशारा केला की जुना उठतो आणि कोपऱ्यातला पुढे येऊन कारभार घेतो. यंत्र बंद पडतच नाही, त्यामुळे चाचपणीही होत नाही. अडतीस सेकंदांत फोन पुन्हा सुरू.

वाद फक्त एका गोष्टीवर होता. नवा कर्नल बसवायचा कधी?

वहिनीचं म्हणणं, अगदी शेवटच्या क्षणी. आत्ता बसवला, आत्ता बदलला. सर्व्हर सांभाळणारा दुसरा जो होता, त्याचं म्हणणं नेमकं उलटं. त्याला आधीपासून सगळं तयार लागायचं. दुपारचा चहा तो सकाळीच सांगून ठेवायचा. तोंडाचाही जरा मोकळाच. दोन्ही अर्थांनी शोभतं म्हणून पोरींनी त्याचं नाव पाडलं होतं, आगाऊ.

"तहान लागल्यावर विहीर खणता तुम्ही, वहिनी," आगाऊ म्हणायचा. "मेमरी पार भरली तर ऐन वेळी नवा कर्नल बसायला जागा मिळणार नाही. आधीच बसवून ठेवला की केव्हाही बटण दाबा."

"आणि दोन दिवस तो कोपऱ्यात बसून काय करेल?"

"काय करणार? नुसता बसेल."

२

गुरुवारी सकाळी आदल्या दिवशीचे कॉल तपासायचे, हे वहिनीचं नेहमीचं काम. चहाचा कप डाव्या हातात, उजव्या हाताने ती पडद्यावरच्या ओळी खाली सरकवत होती. एका ओळीपाशी हात थांबला.

बुधवार. तीन वाजून पंधरा मिनिटं चार सेकंदांनी उचललेला कॉल. एकतीस सेकंद बोलणं. टेबल क्रमांक पंधरा.

हॉलमध्ये टेबलं चौदा होती.

कचरा असेल, तिने मनाशी म्हटलं. बदलाच्या वेळी एखादी ओळ अर्धवट लिहिली जाते, आकडे इकडचे तिकडे होतात. पण वेळ तिच्या डोळ्यांत खुपत होती. तीन पंधरा चारला जुना कर्नल उठलेला होता आणि नवा अजून पुढे यायचा होता. लिहिणारंच कुणी नव्हतं, तेव्हाची ती ओळ. आणि ओळीच्या टोकाला छोटंसं कर्ण्याचं चिन्ह होतं. म्हणजे बोलणं रेकॉर्डही झालेलं.

तिने हेडफोन लावला.

आधी हॉल ऐकू आला. खुर्च्यांची चाकं, कीबोर्डची टकटक, बऱ्याच बायकांचं हलक्या आवाजातलं बोलणं. भरात आलेलं काम. वास्तविक त्या वेळी सगळ्यांचे हेडफोन मानेवर होते आणि हॉलमध्ये चिडीचूप होतं. मग फोन उचलल्याचा आवाज.

"रुग्णवाहिका सेवा. बोला."

"आईला... आईला श्वास लागलाय हो! ओठ निळे पडलेत!"

"घाबरू नका. पत्ता सांगा."

"पाण्याच्या टाकीमागची गल्ली. तिसरं घर, हिरवं फाटक."

"गाडी निघाली आहे. दार उघडं ठेवा."

तो आवाज मावशींचा होता. पाळीच्या प्रमुख मावशी, बावीस वर्षं या हॉलमध्ये काढलेल्या. 'घाबरू नका'च्या आधी बारीकसा श्वास ओढायची त्यांची लकब, आणि गाडीवाल्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून प्रत्येकाला न चुकता सांगितलेलं ते 'दार उघडं ठेवा'. वहिनीने डोळे मिटूनही ओळखला असता.

पण बुधवारी सव्वातीनला मावशी तिच्या शेजारीच उभ्या होत्या. दर बुधवारप्रमाणे हातात घड्याळ धरून मोठ्याने सेकंद मोजत होत्या. बावीस, तेवीस, चोवीस. त्यांच्या अंगाला येणारा चंदनाच्या साबणाचा वास वहिनीला अजून आठवत होता.

तिने ते तीनदा ऐकलं. मग पडद्यावरची खिडकी बंद केली, गार झालेला चहा मोरीत ओतला आणि कुणाला काही बोलली नाही. विचारलं कुणी तर सांगायचं तरी काय?

३

शुक्रवारी तो माणूस आला. चाळिशीचा, दाढी वाढलेली, एका पायात चप्पल एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच. रखवालदाराला न जुमानता तो थेट हॉलच्या दारात येऊन उभा राहिला.

"कोण होती ती बाई?" त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "गाडी निघाली म्हणाली. दार उघडं ठेवा म्हणाली. पाऊण तास आम्ही दार उघडं ठेवून बसलो. आई माझ्या मांडीवर काळी पडत चालली होती. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. जगली, पण वाचा गेली तिची. माझ्याकडे नुसती बघते."

मोठ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये नेलं. वहिनीला बोलावून रेकॉर्डिंग शोधायला सांगितलं. तिने शोधल्यासारखं केलं आणि लावलं. ते एकतीस सेकंद संपल्यावर साहेबांनी उठून दार उघडलं. "मावशींना पाठवा."

मावशींनी उभ्यानेच ऐकलं. हाताची घडी घातलेली, मान जराशी कललेली, एखाद्या नव्या मुलीचं काम तपासावं तशी.

"आवाज माझाच आहे," त्या म्हणाल्या. "पण हे मी बोलले नाही."

"मावशी, अहो—"

"साहेब, बावीस वर्षांत गाडी सोडल्याशिवाय 'निघाली' म्हटलेलं नाही मी. एकदाही नाही."

"मावशी तेव्हा माझ्याजवळ होत्या," वहिनी म्हणाली. "मोजत होत्या."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या बायकांकडे बघावं तसं. चौकशी होईपर्यंत मावशींनी टेबलावर बसायचं नाही, असं ठरलं. त्या दिवसापासून केबिनबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन त्या बसू लागल्या. वेळेवर यायच्या, वेळेवर जायच्या. जाणाऱ्या-येणाऱ्या पोरी नजर चुकवायच्या. जिच्या एका हाकेवर हॉल हलायचा, तिला कुणी चहा घेणार का म्हणूनसुद्धा विचारेना.

४

आता संशय कुणावर घ्यायचा, हे वहिनीला कुणी सांगायला नको होतं. सर्व्हरच्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी आगाऊच्या खिशात. नव्या मुलींना शिकवायला मावशींच्या जुन्या कॉलचे तुकडे वापरतात, ते कापून देणाराही आगाऊच. हवे ते शब्द हवे तसे जुळवणं त्याला काय कठीण? आधीच काहीतरी करून ठेवायची त्याला भारी हौस. केला असेल एखादा बोलणारा प्रोग्राम, पाहिला असेल चालवून, आणि नेमका खराखुरा कॉल त्यात सापडला असेल.

शनिवारी तिने त्याला खोलीत गाठलं आणि दार लावून घेतलं.

"खरं सांग. पंधरावं टेबल तू घातलंस ना?"

त्याने ऐकलं, पाहिलं, पुन्हा ऐकलं. ऐकताना त्याचा चेहरा कसा बदलतो ते ती निरखत होती. तो घाबरला होता, पण पकडला गेल्यासारखा घाबरला होता की नुसताच घाबरला होता, हे काही तिला उमगेना.

"त्या दिवशी कर्नल कुणी बसवला होता?" तिने विचारलं.

"मीच. तीन दहाला. बसव म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"पाच मिनिटं आधी?"

"पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतं?" मग त्याचा आवाज एकदम उतरला. "वहिनी, मी आगाऊ असेन. हलकट नाही. मावशींनी मला इथे चिकटवलंय. त्यांच्या पोटावर पाय देईन मी?"

तिला वाटलं, हा खरं बोलतोय. लगेच वाटलं, खोटं बोलणाराही हेच म्हणेल. त्या संध्याकाळी तिने सगळे पासवर्ड बदलले आणि त्याला नवे दिले नाहीत, फक्त कर्नल बसवण्याचा तेवढा अधिकार ठेवला, कारण ती आजारी पडली तर कुणीतरी लागणारच होतं. त्याच्याकडची किल्लीही मागून घ्यावी असं मनात आलं. पण माणसाच्या हातातून किल्ली काढून घेतली की पुन्हा तोंड बघायची सोय राहत नाही, म्हणून थांबली.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय गं, भाजीत मीठ आहे की नाही तेही कळेना का आज?"

"अहो, तुम्हाला कधी पंधरा नंबरच्या टेबलावरून फोन आला होता?"

"टेबलाचा नंबर आम्हाला कुठे कळतो? आवाज येतो. आवाज आला की गाडी काढायची."

५

बुधवारी दुपारी सगळं ती एकटी करणार होती. कर्नल बसवणं आणि बदलणं यात चार सेकंदांचं अंतर ठेवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण बुधवार दुपारपर्यंत थांबायला तयार नव्हता. सकाळी साडेदहाला सर्व्हरचा वेग मंदावला. दहा पस्तीसला पडद्यावर पत्ते उमटेनासे झाले. हॉलमधून एकेकीचा आवाज यायला लागला, "वहिनी, माझं अडकलंय." "माझंही." एकजण रडकुंडीला येऊन फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "काका, लाइन सोडू नका, मी आहे, मी आहे." बायपासला बस उलटली होती. सोळा कॉल रांगेत, आणि मेमरी गळ्यापर्यंत भरलेली. वहिनीने नवा कर्नल बसवायचा हुकूम दिला. यंत्राने नकार दिला: जागा नाही.

"बसवलेला आहे," मागून आगाऊ म्हणाला.

ती वळली.

"काल सकाळी. दहा वाजून पाच मिनिटांनी. म्हटलं, ऐन वेळी दगा नको." तो भिंतीला पाठ लावून उभा होता. "वहिनी, नंतर काय ते बोला. आत्ता बदला."

तिने स्थिती पाहिली. त्यासाठी यंत्रात एक साधी ओळ असते: कर्नल बसवलेला असेल तर एक, नसेल तर शून्य. तिथे एक होता.

अकरा मिनिटं की अडतीस सेकंद? बाहेर ती मुलगी अजून म्हणत होती, "मी आहे, काका." वहिनीने इशारा दिला.

अडतीस सेकंद मोजायला या वेळी कुणी नव्हतं. पडदे काळे झाले, मग उजळले, मग पत्ते धडाधड उमटले आणि गाड्या सुटल्या. बसमधली सगळी माणसं वाचली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. आगाऊने कपाळावरचा घाम पुसला. त्याचंच खरं ठरलं होतं आणि त्याला ते नको होतं.

वहिनीने खुर्ची ओढली आणि कॉलच्या ओळी उघडल्या.

६

पंधराव्या टेबलाच्या नावावर सहा कॉल होते. पहिला मंगळवारी सकाळी दहा वाजून सहा मिनिटांचा. कर्नल बसवल्यानंतर अवघ्या एका मिनिटाने.

काल संध्याकाळी तिने स्वतः ओळी तपासल्या होत्या, तेव्हा हे सहा नव्हते. नवा कर्नल कारभारावर आला, आणि येताना आपलं नोंदींचं दप्तर घेऊन आला.

"नुसता बसेल, म्हणाला होतास," ती म्हणाली.

आगाऊ तिच्या खांद्यावरून वाचत होता. "मंगळवारी मावशी बाकावर होत्या," तो हळूच म्हणाला. "दिवसभर. सगळ्यांनी पाहिलंय."

सहाही कॉल मावशींच्या आवाजात होते. फरक एवढाच, की आता बोलणं एकतीस सेकंदांत उरकलेलं नव्हतं. त्या आवाजाला घाई राहिली नव्हती. तो विचारपूस करत होता, घरात आणखी कोण आहे, जिना अरुंद आहे का, धीर देत होता. आणि प्रत्येक ओळीत एक रकाना भरलेला होता, जो गेल्या आठवड्यात रिकामा होता: गाडी पोहोचल्याची वेळ.

वहिनीने बाहेर जाऊन मावशींना बाकावरून उठवून आणलं. साहेबांना विचारलं नाही. मावशींनी पहिला नंबर स्वतः फिरवला, स्पीकर चालू ठेवून.

"रुग्णवाहिका केंद्रातून बोलतेय. काल तुमच्याकडून फोन आला होता..."

"हो हो, बाई!" पलीकडे एक तरुण बाई होती. "तुम्हीच ना त्या? आवाज ओळखला मी. किती पटकन आली गाडी! सासूबाईंना नेलं."

मावशींनी पॅड जवळ ओढलं. "कोण आलं होतं गाडीवर?"

"दोन माणसं. बोलली नाहीत फारशी. दार उघडंच होतं, सरळ आत आली."

"आणि कुठे नेलं?"

त्या बाईचा आवाज बदलला.

"म्हणजे काय? ते तुम्ही सांगायचं ना? कालपासून सगळी हॉस्पिटलं पालथी घातली आम्ही. म्हटलं, केंद्राला माहीत असेल."

दुसऱ्या नंबरवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोन उचलला. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, फक्त जास्त आर्जवाने. मावशींनी तिसरा नंबर न फिरवताच रिसीव्हर खाली ठेवला.

"पाच मिनिटं मिळाली तर नुसतं बोलला," वहिनी म्हणाली. "दिवस मिळाला, तर गाडीसुद्धा पाठवली."

"कुणी?" आगाऊने विचारलं.



७

साहेब ऐकून घ्यायला तयार नव्हते. ते टेबल म्हणजे तुमच्या दोघांपैकी कुणाचं तरी कारस्थान आहे आणि ते मी पोलिसांकडून शोधून काढीन, एवढं बोलून ते पोलिसांना आणायला स्वतःच निघून गेले. जाताना म्हणाले, "तोवर सर्व्हरला हात लावायचा नाही."

दुपारचे दोन वाजले होते. खोलीत तिघंच होती.

"मूळ प्लगच काढायचा," वहिनी म्हणाली. "मेमरी पूर्ण कोरडी होऊ दे. मग उठेल तेव्हा स्वतःला पहिल्यापासून चाचपून उठेल. अकरा तर अकरा मिनिटं."

मावशींनी अग्निशमनच्या नियंत्रण कक्षातल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. "अगं, अकरा मिनिटं आमचे कॉल तू घे. तुझ्याकडे दोनच फोन आहेत ते मला माहीत आहे. घे म्हणतेय ना." मग हॉलमध्ये जाऊन त्यांनी पोरींना सांगितलं. टेबलावर बसायची बंदी असलेल्या मावशींचा शब्द कुणी मोडला नाही.

प्लग काढण्याआधी वहिनीने, सवयीने म्हणा किंवा संशयाने, ती एक ओळ पाहिली.

एक.

"आगाऊ."

"नाही." तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने दोन्ही हात वर केले, चोरासारखे. "देवाशप्पथ नाही, वहिनी. सकाळपासून कीबोर्डला हात लावलेला नाही. तुम्हीच बसलाय तिथे."

खरंच होतं. सकाळी बदल झाल्यापासून ती त्या खुर्चीवरून एकदाच उठली होती, मावशींना आणायला, आणि तेव्हाही आगाऊ तिच्या बरोबरच होता.

तिने बसवलेला कर्नल काढून टाकायचा हुकूम दिला. ओळ बदलली. शून्य. तिघांनीही पाहिलं.

तिघं बघत असतानाच तिथे पुन्हा एक झाला.

"कधीपासून बसवलेला असेल हा?" मावशींनी विचारलं. साधाच प्रश्न, पण वहिनीने कीबोर्डवरून हात काढला. हा सकाळचा होता की गेल्या आठवड्याचा? दीड वर्षात पाऊणशे वेळा बटण दाबलं, तेव्हा प्रत्येक वेळी पुढे आलेला कर्नल तिने बसवलेलाच होता, हे कशावरून? पंधरावं टेबल तिला आत्ता दिसलं. आत्ता दिसलं म्हणून आत्ता सुरू झालं, असं थोडंच आहे?

"ते कळायचं तर याला कारभारावर आणावं लागेल," ती म्हणाली. "मग तो आपलं दप्तर दाखवील."

"नको." मावशी कपाटामागे वाकल्या. "यातला कुठला?"

"जाडा काळा. शेजारचाही."

"थांबा." आगाऊने मावशींचा हात धरला. "ती सहा माणसं... यंत्रच कोरडं केलं, तर त्यांचा माग कसा लागणार?"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण प्लगवरचा हात सुटला नाही.

"माझ्या आवाजावर विश्वास ठेवून गेलीत ती," त्या म्हणाल्या. "आता सातवं कुणी जायला नको."

आणि त्यांनी दोन्ही प्लग खेचले.

८

पंखे थांबले. दीड वर्षात ती खोली इतकी शांत कुणी ऐकली नव्हती. वहिनीने साठ सेकंद थांबून प्लग परत लावले. पडद्यावर पांढरे आकडे चढू लागले. यंत्र मेमरी मोजत होतं, सावकाश, आजारातून उठलेल्या माणसाने बोटं मोजून पाहावीत तसं.

चार मिनिटं झाली. वहिनीचा मोबाइल वाजला. नवरा.

"अगं, मागच्या फाटकाशी उभा आहे. उतरवून घ्यायला कुणी आहे का?"

"कुणाला उतरवून?"

"पेशंटला. तूच सांगितलंस ना आत्ता? पेशंट परत केंद्रावर आणायचाय म्हणून. पेट्रोल पंपाजवळ बाई उभी होती, घेऊन आलो."

"आत्ता म्हणजे कधी?"

"झाली असतील तीन-चार मिनिटं. गाडीतल्या फोनवर. केंद्राच्याच लाइनवरून. तुझाच आवाज गं, मी ओळखणार नाही का?"

केंद्राच्या सगळ्या लाइन बंद होत्या. पडद्यावर आकडे अजून चढत होते. आगाऊने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मागच्या खिडकीचा पडदा बाजूला केला.

खाली रणरणतं ऊन होतं. सात नंबरची गाडी फाटकाशी उभी होती, मागची दारं सताड उघडी. एक म्हातारी पायरीवर हाताने चाचपत उतरत होती. अंगावर घरातला गाऊन, पाय अनवाणी. तिच्यामागून एक माणूस उतरला, गळ्याशी हात धरलेला. मग एक बाई. मग दोघं एकमेकांना धरून. सगळे थोडं पुढे सरकून उभे राहत होते, मागच्याला जागा करून देत.

"सहा," आगाऊ म्हणाला. त्याचा आवाज आनंदाने फुटला. "वहिनी, सहा झाले! सगळे आले!"

सातवा उतरला.

त्याने स्वेटर घातला होता आणि कानाला मफलर गुंडाळला होता. आठव्या बाईच्या अंगावर रेनकोट होता. त्यातून पाणी निथळत होतं, आणि ती चालेल तिथे कोरड्या डांबरावर काळे डाग पडत होते. पाऊस होऊन सात महिने झाले होते. नववा. दहावी. त्या गाडीत एक स्ट्रेचर आणि एक बाक, एवढीच जागा. वहिनी मोजत राहिली. अठरानंतर तिचा आकडा चुकला.

"तो बघ," मावशी म्हणाल्या.

एका उंच म्हाताऱ्याच्या खांद्यावर ब्लँकेट होतं. लाल, कडेला दोन पांढरे पट्टे.

"तसली ब्लँकेटं आता आपल्या गाड्यांत नसतात," मावशी सावकाश बोलत होत्या, जणू शब्द नीट लावून घेत होत्या. "मी नोकरीला लागले त्या वर्षी होती. तेव्हा हे यंत्र नव्हतं. कुठलंच यंत्र नव्हतं. वहीत लिहायचो आम्ही."

खालची माणसं उन्हात डोळे बारीक करून इकडेतिकडे बघत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तशी उभी होती. ती माणसं होती की माणसांसारखी आणखी काही, हे तिसऱ्या मजल्यावरून कसं कळावं? वहिनीला मावशींना अडवायचं होतं. पण मावशींनी टेबलावरचं पॅड आणि पेन उचललं होतं आणि त्या जिन्याच्या दाराशी पोहोचल्या होत्या.

"मावशी, जाऊ नका. आधी ते कोण आहेत ते कळू दे."

"पत्ते विचारल्याशिवाय कसं कळेल?" मावशी म्हणाल्या, आणि त्यांची पावलं जिन्यावरून खाली खाली जाताना ऐकू आली.

मागे यंत्राने मेमरी मोजून संपवली आणि ते डिस्क मोजायला लागलं. वहिनीने मोबाइल पुन्हा कानाला लावला. नवरा अजून लाइनवर होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

"अहो," ती म्हणाली, "किती जणांना आणलंत तुम्ही?"

"एकीला," तो म्हणाला. "आत एकच बाई होती गं. पण अजून उतरतायत."